लॅब्राडॉर घ्यायचा आहे - चांगला ब्रीडर कसा ओळखायचा? घरात लॅब असलेल्यांनी कृपया लिहा

भिंगरी२२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायचा कंटाळा, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. घरी कुत्रा आणायचं घाटतंय. म्हणजे मुलांचं कधीच ठरलंय, आमचं आत्ता ठरतंय. लॅब्राडॉरच हवा यावर मात्र घरात एकमत आहे, जे आमच्याकडे संध्याकाळी भाजी कुठली यावरही होत नाही.

परिस्थिती अशी: पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे. मी, नवरा, मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत आणि सासूबाई. नवऱ्याचं थोडं काम घरून चालतं, मी रोज ऑफिसला. सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यांच्या माहेरी वाड्यात कुत्री होती त्यामुळे भीती वगैरे काही नाही, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की खायला घालीन, शू-शी काढणार नाही.

ऑनलाइन जाहिराती बघून काही जणांना मेसेज टाकले तर पाच मिनिटांत फोटोंचा पाऊस. हेवी बोन, पंच फेस, शो क्वालिटी, चॅम्पियन लाइन, हे सगळं काय असतं? एकजण म्हणाला ३५ दिवसांचं पिल्लू आहे, आज टोकन टाकलंत तर दोन हजार कमी करतो आणि घरपोच आणून देतो. किमती १२ हजारांपासून ४५ हजारांपर्यंत काहीही सांगतायत आणि फोटोत सगळीच पिल्लं सारखीच गोड दिसतायत, त्यामुळे डोकं चालेनासं झालंय. ब्रीडर शोधायचा कसा, त्याला विचारायचं काय, आणि पिल्लू घरी आल्यावर आमच्यासारख्या घरात झेपतं का, सगळंच सांगा. घाबरवलंत तरी चालेल.


घाटावरचा

३५ दिवस वाचलं आणि तिथेच थांबलो. नका घेऊ.

२०१७ च्या केंद्र सरकारच्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि पिल्लाला मायक्रोचिप लावलेली असावी लागते. किती जण पाळतात ते तुम्हाला मेसेजवरून कळलंच असेल. ३०-३५ दिवसांत विकायची घाई का, तर त्या वयात पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं, लगेच खपतं, आणि पाचव्या आठवड्यापासून ती पोरं दणकून खायला लागतात, लस-जंत सगळा खर्च सुरू होतो, तो तुमच्या गळ्यात.

नुकसान तुमचं होतं. पाच ते आठ आठवड्यांत पिल्लं एकमेकांशी मारामारी करत चावायचं किती ते शिकतात. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ थांबतो, आई गुरकावते. हे न शिकता आलेलं पिल्लू मग तुमच्या पहिलीतल्या मुलाच्या पोटरीवर शिकतं.

आणि घरपोच म्हणजे आई बघायला मिळणार नाही. तिथेच फोन ठेवायचा.


नीरजा_के

घाटावरचा +१

भिंगरी, एक विचारू? सासूबाईंचं वय काय आणि गुडघे कसे आहेत? चेष्टा नाही करत. नर लॅब ३० ते ३५ किलोचा होतो, मादी २५ ते ३०. दहा महिन्यांचा लॅब म्हणजे ताकद मोठ्याची आणि अक्कल पिल्लाची. समोर मांजर दिसलं की पट्टा धरणारा माणूस सोबत जातो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू अशाच पडल्या, मनगट मोडलं. घरी सासूबाई आहेत म्हणून तुम्ही निर्धास्त असाल तर खायला घालणं आणि दुपारी सोबत इतकंच त्यांच्याकडे धरा, फिरवणं तुम्हा दोघांचं, रोज, सकाळ-संध्याकाळ, पावसात पण. मुलं म्हणतील आम्ही नेऊ. पंधरा दिवस नेतील.


भिंगरी२२

बाप रे. ७१ वय, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हा विचार खरंच केला नव्हता आम्ही, त्या आहेत म्हणून दुपारचा प्रश्न सुटला इतकंच डोक्यात होतं. नवऱ्याला ही पोस्ट वाचून दाखवली, तो म्हणाला सकाळचं मी करीन. लिहून ठेवलंय, स्क्रीनशॉट पण काढलाय.


आंबोलीकर

मी जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

पिल्लू बघू नका, आई बघा. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून भल्याभल्यांना काही कळत नाही, ते झोपलेलं असतं नाहीतर तुमची चप्पल चावत असतं. आई मात्र सगळं सांगते. दार उघडल्यावर अनोळखी माणसाकडे ती कशी येते ते बघायचं. शेपूट खाली घालून कोपऱ्यात जाते का, गुरगुरते का, की येऊन अंगावर पाय ठेवते. पिल्लं असताना थोडी सावध असणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. लॅबची आई घाबरट किंवा चिडकी असेल तर बाप कितीही चॅम्पियन असला तरी मी तिथून परत येईन, कारण पहिले दोन महिने पिल्लं तिच्याकडे बघूनच शिकतात आणि स्वभाव रक्तातूनही येतो.

मग ती कशी दिसते. बाळंतीण बारीक असणारच, केस गळलेले असणार, पण डोळे स्वच्छ आहेत का, कातडीवर खरूज आहे का, चालताना मागचा भाग हेलकावतो का. वय किती, कितवी वेत, आधीची पिल्लं कोणाकडे आहेत, त्यांचा नंबर देता का. १८ महिन्यांच्या आतल्या मादीला लावायचं नाही असं नियमच सांगतो. दर हीटला म्हणजे दर माजाला वेत घेणाऱ्याकडे तर पाणीसुद्धा पिऊ नका.

बाप बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो, तो तिथे नसला तर त्यात काही काळंबेरं नाही. फोटो, कागद मागा. "आई गावी आहे", "आई आजारी आहे म्हणून आत ठेवलीय", "आई आत्ताच फिरायला गेली" ही कारणं ऐकली की समजायचं पिल्लू दुसरीकडून आणलंय आणि हा नुसता दलाल आहे. एकाकडे मी गेलो होतो, शहराबाहेर पत्र्याची शेड, आत पिंजऱ्यांवर पिंजरे, लॅब, पग, शित्झू, हस्की, सगळं एका छपराखाली. तो म्हणाला कुठलं पाहिजे ते बोला. भाजीवाला पण इतक्या व्हरायटी ठेवत नाही.

पुढे ज्यांच्याकडून आमची बुंदी आणली ते एक जोडपं होतं, बेळगावकडचं, घरात दोनच माद्या आणि त्या सोफ्यावर. त्यांनी आमचीच परीक्षा घेतली. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का, दिवसा कोण असतं, आधी कुत्रा होता का आणि तो कशाने गेला, फरशी कसली आहे. बायको रस्त्यात म्हणाली पण की मुलगी बघायला आल्यासारखं विचारत होते. पण अजूनही काही अडलं तर त्यांनाच फोन करतो आणि ते उचलतात. पैसे मोजून घ्यायचे आणि एक प्रश्न विचारायचा नाही, असा ब्रीडर पुढे तुमचा फोनही उचलणार नाही.


लीड्सवासी

आंबोलीकरांशी सहमत. इकडची गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून कायदाच आहे, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकायचं नाही, ज्याने जन्माला घातलं त्याच्याकडूनच घ्यायचं आणि आईसोबत बघायचं. तरी लबाड लोक आहेतच, भाड्याच्या घरात भलतीच कुत्री आई म्हणून बसवतात.

आमची काळी लॅब घेताना ब्रीडरने न विचारता आई-बाप दोघांच्या हिप स्कोअरचे कागद समोर ठेवले. एक्स-रे काढून दोन्ही खुब्यांना मिळून ० ते १०६ मध्ये आकडा देतात, जितका कमी तितका चांगला. कोपरांचा वेगळा ग्रेड. डोळ्यांची तपासणी. शिवाय डीएनए चाचण्या, त्यात पीआरए म्हणजे हळूहळू आंधळेपण आणणारा आजार आणि ईआयसी म्हणजे जोरात धावल्यावर मागचे पाय जाऊन कोसळणं, हे दोन लॅबमध्ये नक्की बघतात. भारतात हे मागितलं तर काय होतं?


घाटावरचा

भारतात हे मागितलं तर ब्रीडर म्हणतो "साहेब, आजपर्यंत कोणी विचारलं नाही."

पण विचाराच. डीएनए टेस्ट आता इथेही होतात, खुब्याचा एक्स-रे मोठ्या शहरांत होतो. दहातला एक तरी म्हणेल की आईचा एक्स-रे काढलाय, बघा. तो धरायचा. लॅबमध्ये खुब्याचा त्रास इतका सर्रास आहे की चार-पाच वर्षांच्या कुत्र्याला उठता येईना झालेलं मी जवळून बघितलंय.


दुपारची_झोप

सगळे ब्रीडरच सांगताय म्हणून मुद्दाम लिहिते. अडॉप्ट का नाही? पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही रेस्क्यू ग्रुपवर जा, देशी पिल्लांच्या खालोखाल लॅबच दिसतील. बाळ झालं, बदली झाली, परदेशी चाललो, खूप केस गळतात, ही कारणं. आणि ब्रीडरने वापरून सोडून दिलेल्या माद्या, सड लोंबलेले, दात झिजलेले, त्या तर बघवत नाहीत. हे सगळं दिसत असताना ४० हजार मोजून नवीन पिल्लू आणायला लोक कसे तयार होतात ते मला कळत नाही. आणि रस्त्यावरची देशी पिल्लं आपल्या हवेत किती काटक असतात!


साबूदाणावडा

दुपारची_झोप, तुमचा मुद्दा पटतो पण सूर नको तसा. त्यांच्या घरी सहा वर्षांचा मुलगा आहे. रेस्क्यूमधल्या कुत्र्याचा आधीचा इतिहास माहीत नसतो, मुलाने ताटलीला हात लावला आणि काही झालं तर?


दुपारची_झोप

इतिहास पिल्लाचाही माहीत नसतो, नुसता फोटो माहीत असतो :) बरं, सूर मवाळ करते. चांगल्या संस्था फॉस्टर घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्यांकडे, ठेवून बघतात, लहान मुलांसोबत कसा वागतो, जेवताना कसा, मांजरांशी कसा, आणि ते स्पष्ट सांगतात, नको तिथे देतही नाहीत. आमचा शेरू आला तेव्हा चार वर्षांचा होता. शू-शी शिकलेला, दात येऊन गेलेले, सोफा एकही खाल्ला नाही. भिंगरी, तुमच्या घरात दुपारी ७१ वर्षांच्या आजी एकट्या असणार, तर चार-पाच वर्षांचा शांत झालेला लॅब तुम्हाला पिल्लापेक्षा सोपा जाईल असं माझं मत. इतकंच.


आंबोलीकर

हे मात्र बरोबर बोललात. मी ब्रीडरवाला असून सांगतो, या घरासाठी तो पर्याय खरंच विचारात घ्या.


भिंगरी२२

सगळ्यांचे खूप आभार, भांडू नका हो. अडॉप्शनचं सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या "मोठा आणा, माझ्याइतकाच शहाणा." मुलांना मात्र पिल्लूच पाहिजे. दोन्हीकडे चौकशी चालू ठेवतेय.

दोन शंका. केसीआय पेपर असले की पिल्लू चांगलं असं धरायचं का? पेपरवाल्याचे दर डबल आहेत. आणि रंग, मुलीला चॉकलेटी हवाय, मुलाला पांढरा. एकजण सिल्व्हर लॅब आहे म्हणाला, ७० हजार!


घाटावरचा

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, चेन्नईची संस्था. त्यांचा कागद म्हणजे वंशावळ. आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण. कुत्रं निरोगी आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. फायदा इतकाच की जवळच्या नात्यात लावलंय का ते कळतं, एकच नाव आई आणि बाप दोन्हीकडे दिसायला लागलं की सावध व्हा. आणि कागदावरचा चिप नंबर व्हेटकडे स्कॅन करून जुळवा. "पेपर नंतर कुरियर करतो" म्हणणाऱ्याला "मग पैसेही नंतर कुरियर करतो" सांगा.

पेपरशिवाय चांगलं पिल्लू मिळतं, पेपरसकट वाईट मिळतं. शोमध्ये उतरवायचं नसेल तर मी आईच्या एक्स-रेला जास्त पैसे देईन.


लीड्सवासी

रंगाबद्दल. लॅबचे मान्य रंग तीनच, काळा, पिवळा, चॉकलेटी. इकडच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये जातीला मान्यता दिली. मूळ कुत्री कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडच्या कोळ्यांची, पाण्यात उडी मारून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणणारी, त्यांच्यात बहुतेक काळीच. पिवळ्यात अगदी सायीच्या रंगापासून कोल्ह्यासारख्या तांबूसपर्यंत सगळं येतं, म्हणजे मुलाचा "पांढरा" हा पिवळाच. एकाच वेतात तिन्ही रंग निघू शकतात. सिल्व्हर म्हणजे फिका पडलेला चॉकलेटी, त्याचे जादा पैसे देणं म्हणजे नुसती हौस.

चॉकलेटीबद्दल एक मात्र माहीत असू दे. २०१८ मध्ये इथल्या व्हेटकडच्या नोंदींवरून अभ्यास आला, त्यात चॉकलेटी लॅबचं आयुष्य सरासरी १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचं १२.१ निघालं, कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटीत जास्त. रंगासाठी लोक त्याच त्याच वंशात लावत राहतात, त्याचा परिणाम असावा असं अभ्यासकांचं म्हणणं. इकडची कुत्री आणि तिकडची वेगळी, पण रंगावर हटून बसू नका.


गोठ्यातला_डॉक्टर

मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्य आहे, जास्त काम गाई-म्हशींचं, पण लॅब खेडोपाडी पोचलाय त्यामुळे ते पण बघतो. जे रोज बघतो ते लिहितो.

कॅल्शियम. पिल्लू आणलं की ब्रीडर बरोबर कॅल्शियमची बाटली देतो, "हाडं जाड होतात." चांगलं लार्ज ब्रीड पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम नको. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं की हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात. त्याच बाटलीचे मी दर महिन्याला पेशंट बघतो.

लसी. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांनंतर आणि मग दरवर्षी. ब्रीडर म्हणाला एक लस झालीय तर व्हॅक्सिनचं स्टिकर आणि डॉक्टरची सही असलेलं कार्ड मागा, नुसतं पेनाने लिहिलेलं धरू नका. लसी पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या बागेत खाली सोडू नका, पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लू दोन दिवसांत जातं. पण घरात कोंडूनही ठेवू नका, उचलून घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, मिक्सर, पोस्टमन, छत्री सगळं दाखवा, हे वय परत येत नाही.

गोचीड. आपल्याकडे कुत्र्यांना सगळ्यात जास्त जे होतं ते गोचीडताप. खाणं बंद, ताप, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. लॅबने जेवण नाकारलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लॅब उगाच उपाशी राहत नाही. गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरला विचारून बाराही महिने.

आणि आंब्याची कोय. मे-जूनमध्ये आतड्यात अडकलेली कोय काढायला ऑपरेशन करावं लागतं. चोखून टाकलेली कोय झाकणाच्या बादलीत.


भिंगरी२२

डॉक्टर, दंडवत. घरी काय घालायचं? सासूबाईंच्या माहेरी दूध-भाकरी घालायचे आणि कुत्री १४-१५ वर्षं जगली म्हणतात.


गोठ्यातला_डॉक्टर

ती गावठी, दिवसभर रानात फिरायची आणि उंदीर-घुशीही मारून खायची, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. नुसत्या दूध-पोळीवर लॅबचं पिल्लू वाढवू नका. एक वर्ष पपी फूड सोपं पडतं. घरचं द्यायचं तर चिकन किंवा अंडी, भात किंवा भाकरी, शिजवलेला भोपळा-गाजर, थोडं दही, आणि प्रमाण एकदा डॉक्टरकडून ठरवून घ्या. कांदा-लसूण घातलेली आमटी नाही, द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नाही, किडनी जाते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे पण त्यात आले. शिजवलेली हाडं नाहीत. चॉकलेट नाही, शुगरफ्री च्युइंगगम नाही. अंग गरम लागलं म्हणून आपली तापाची गोळी तर बिलकुल नाही.


साबूदाणावडा

खाण्याचा विषय निघालाय तर आता मी. आमचा गुळांबा आठ वर्षांचा आहे, ४१ किलोचा झाला होता, आता ३३.

लॅब खादाड असतो हे सगळ्यांना माहीत आहे पण ते का ते ऐका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे तो नाटक करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली वाटते. गंमत म्हणजे अपंगांना मदत करायला शिकवलेल्या लॅबमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांश निघालं, बिस्किटासाठी काहीही शिकतात ना. मुंबई पोलिसांचा १९९३ च्या स्फोटांच्या वेळचा, स्फोटकं हुंगून शोधणारा तो झंजीर पण लॅबच होता.

तर डोळे बघून घालायचं नाही. आमच्या घरी सकाळी बाबांची मारी बिस्किटं, दहाला आईच्या पोळीचा शेवटचा तुकडा, दुपारी मुलांच्या डब्यातलं उरलेलं, कामवाल्या मावशी चहाबरोबर टोस्ट, आणि प्रत्येकाला वाटायचं आपण एवढंसंच दिलं. शेवटी फ्रीजवर एक डबा ठेवला, त्याचं दिवसभराचं सगळं खाणं सकाळी मोजून त्यात, कोणाला लाड करायचे तर त्यातलंच उचलून द्यायचं, डबा संपला की संपला. वरून खाऊ म्हणून काकडी आणि गाजर. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, हे माप.

अमेरिकेत ४८ लॅब घेऊन त्यांच्या आयुष्यभर प्रयोग केला होता, निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. २००२ मध्ये छापून आलं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. आणि सांधेही त्यांचे उशिरा दुखायला लागले. पावणेदोन वर्षं म्हणजे लॅबच्या आयुष्यात केवढी! माझ्या आईला हा आकडा सांगितल्यावरच मारी बंद झाली, त्याआधी मी कितीही ओरडलो तरी उपयोग नव्हता.


नीरजा_के

डब्याची आयडिया भारी. आजच करते.

भिंगरी, पहिल्या वर्षाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फरशी! आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात, खुब्याला ते वाईट. जुन्या सतरंज्या, रबरी मॅट, काय असेल ते टाका, हॉल म्हणजे लग्नाचा मांडव दिसेल, दिसू दे. जिने सारखे चढवू-उतरवू नका वर्षभर, लिफ्ट आहे ना. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडतात-येतात तेव्हा टीव्हीच्या वायरी, चपला, शाळेचे बूट, कोपऱ्यातली भिंत, सगळं चावतात. ओला पंचा पिळून फ्रीजरमध्ये ठेवून द्या चावायला, खूप वेळ जातो त्यात.

शू-शी साठी सूत्र सोपं, झोपून उठला की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच खाली. रात्री एकदा अलार्म लावून. घरात केली तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका, तो मग सोफ्यामागे लपून करतो.

केस वर्षभर गळतात आणि वर्षातून दोनदा तर घरात दुसरा लॅब तयार होईल इतके. काळे कपडे घालणाऱ्यांनी पिवळा घेऊ नये. आमटीत केस निघाला की आमच्याकडे आता कोणी दचकत नाही.


भिंगरी२२

सोसायटीचा विषय राहिला. सेक्रेटरी म्हणतात कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही, सर्व्हिस लिफ्ट नाहीये आमच्याकडे.


घाटावरचा

तसा नियम सोसायटीला करता येत नाही. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे, पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही बंद करता येत नाही. प्रिंट काढून द्या, पण भांडायला जाऊ नका. महापालिकेचं लायसन्स, रेबीजचं कार्ड यांची कॉपी न मागता द्या, पट्टा कायम, शी स्वतः उचला, कोणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट घ्या. विरोध बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी मालकाने उचलली नाही म्हणून असतो.


भिंगरी२२

अपडेट! रविवारी दोन ठिकाणी गेलो होतो.

पहिल्याकडे आई "आत्ताच फिरायला गेली" होती. आंबोलीकर, मी आणि नवरा एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो, तो माणूस गोंधळला. निघालो.

दुसरं एका फॉस्टरच्या घरी, साडेतीन वर्षांची पिवळी मादी. मालक परदेशी गेले म्हणून सोडलेली. नसबंदी झालेली आहे, रक्त तपासलंय, एका कानाला सारखं इन्फेक्शन होतं ते त्यांनी आधीच सांगितलं. जाड आहे, ३४ किलो. दुपारची_झोप यांनी लिहिलं होतं तसंच, त्यांनी आमचीच मुलाखत घेतली, सासूबाईंना विचारलं की तुम्हाला खरंच हवाय का. मुलगा जमिनीवर बसला तर ती येऊन त्याच्या मांडीवर पाठ टेकून बसली आणि तो म्हणाला "ही पिल्लूच आहे, फक्त मोठं." मुलीचं तोंड मात्र अजून वाकडं आहे, तिला लहानपणापासूनचं पाहिजे होतं. पुढच्या शनिवारी ते आमचं घर बघायला येणार, मग पंधरा दिवस ट्रायल.

आता नवीन प्रश्न, गणपतीला आम्ही कणकवलीजवळ गावी जातो. तिला नेता येईल का? गाडी नाही आमच्याकडे, ट्रेननेच जातो.


दुपारची_झोप

अय्या! किती मस्त. कानाला पावसाळ्यात जपा, आंघोळीनंतर कोरडा करा, आणि पहिले काही दिवस तिला पाहुणे दाखवायला बोलावू नका, सोसायटीतली सगळी पोरं तर नकोच. मुलीला सांगा, कमांड शिकवायचं काम तिचं. बिस्किट जिच्या हातात, तिचाच तो कुत्रा.


आंबोलीकर

ट्रेनमध्ये दोनच रीती. फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. त्या बॉक्समध्ये कोकण रेल्वेचा आठ-दहा तासांचा प्रवास मी तरी माझ्या कुत्र्याला करवणार नाही, अंधार, आवाज, उकाडा. गणपतीत फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे मिळणं म्हणजे लॉटरी. चार जण मिळून इनोव्हा करा, नाहीतर पहिल्या वर्षी तिला त्या फॉस्टर ताईंकडेच ठेवा, ओळखीचं घर आहे तिला. नुकतं घर बदललेल्या कुत्रीला महिन्याभरात ढोल, फटाके आणि पन्नास पाहुणे नकोच.

आणि पुढे कधी नेलीत तर रात्री अंगणात बांधायची नाही, पडवीतसुद्धा नाही. आमच्याकडे बिबट्या कुत्र्यासाठी थेट दारापर्यंत येतो. घरात, दार लावून.


भिंगरी२२

बिबट्याचं नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो आमच्या गावात नाही येत. सासूबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा काळू काय मग तीर्थयात्रेला गेला?" तर यंदा फॉस्टर ताईंकडेच ठेवतो, विचारून बघते त्यांना. साबूदाणावडा, तो फ्रीजवरचा डबा किती मोठा आहे, दिवसाचं किती ग्रॅम बसतं त्यात? ३४ वरून खाली आणायचीय.


साबूदाणावडा

ग्रॅम माझे वापरू नका. गुळांबा नर आहे, त्याचं चालणं वेगळं, खाणं वेगळं. व्हेटला आधी तिचं योग्य वजन किती ते विचारा आणि खाणं त्या वजनाचं मोजा, आत्ताच्या ३४ चं नाही. थायरॉइडही एकदा बघून घ्या, रक्त तपासलंय म्हणतात त्यात तो असेलच असं नाही. वजन हळूहळू उतरू द्या, एकदम उपाशी नको. दर पंधरा दिवसांनी क्लिनिकमध्ये काट्यावर उभी करून आणा, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत. डबा पाच लिटरचा, झाकण फिरकीचं घ्या. दाबायचं झाकण गुळांबाने दोन दिवसांत उघडलं होतं.